सोमवारचा स्वयंपाक सातही दिवस: मासे-मटण खाणाऱ्या जोडप्याने शाकाहाराकडे कसं वळावं

आमच्या घरी शाकाहार नवा नव्हता. नवरा मालवणकडचा, मी कोल्हापूरची. दोन्हीकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी आणि सगळा श्रावण पाळला जायचा. सासरी या जेवणाला शिवराक म्हणतात. पण शिवराक दिवस म्हणजे ढकललेला दिवस. डाळ-भात, बटाट्याची भाजी, लोणचं आणि डोक्यात मंगळवारचा बाजार. २०२१ साली श्रावण संपला आणि आम्ही तो सोडलाच नाही. त्याच्याकडे कारण होतं कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टचं. माझं कारण सांगायला जरा अवघड. चिकनच्या दुकानात रांगेत उभी होते, पिंजऱ्याकडे नजर गेली आणि रांगेतून बाहेर पडले. एवढंच.

पहिले दोन महिने आम्ही काय केलं, तर तोच ढकललेला सोमवार रोज जेवलो. बटाटा, पनीर, पुन्हा बटाटा. रात्री अकरा वाजता खारी-बिस्किटांचा डबा उघडायचा. नवऱ्याचं वजन दोन किलोने वाढलं, माझे केस कंगव्यात येऊ लागले आणि दोघांचीही चिडचिड वाढली. मग लक्षात आलं की ताटातून मासा उचलला, पण त्याची जागा रिकामीच राहिली. ती जागा भरणारा स्वयंपाक कोकणातही आहे, घाटावरही आहे. फक्त तो आपण कधी मनापासून शिकलेलो नसतो, कारण दुसऱ्या दिवशी मासे येणारच असतात. खाली जे सांगते आहे ते त्याच स्वयंपाकाबद्दल आहे, आणि ज्या क्रमाने आम्ही करायला हवं होतं त्या क्रमाने.

१. आधी एक कागद

जेवण झाल्यावर ओटा आवरला की दोघांनी बसावं आणि एका कागदावर लिहावं: काय चालेल, काय नाही. अंडं चालेल का? केकमधलं? दुसऱ्याच्या घरचा रस्सा, फोडी बाजूला काढून? ऑफिसच्या सहलीत काय? जत्रेच्या जेवणाला काय? हे प्रश्न आज क्षुल्लक वाटतात, पण एखाद्या लग्नाच्या पंगतीत भर लोकांत त्यावरून वाद होतो.

आमच्या कागदावर पहिल्या सहा महिन्यांसाठी असं होतं: घरात दोघांचंही पूर्ण शाकाहारी. दूध, दही, तूप चालेल. अंडं त्याला चालेल, मला नको. बाहेर मी खाणार नाही, त्याने स्वतः ठरवावं. हा शेवटचा मुद्दा मला मुळीच पटला नव्हता. पण त्यामुळेच आमचं जमलं असं आता वाटतं. दोघांची चाल सारखी नसते. एकाच्या वेगाने दुसऱ्याला ओढलं की तो ऑफिसमधून येताना गुपचूप खाऊन येतो, आणि मग घरात चोरी सुरू होते. घराचा नियम एक आणि बाहेरची मुभा ज्याची त्याची, असं ठेवा. सहा महिन्यांनी कागद परत काढा. आमच्याकडे तेव्हा नवऱ्याने स्वतःच ‘बाहेर’ या शब्दावर काट मारली. अंडं मात्र अजून त्याच्या बाजूला आहे.

२. रक्त तपासून घ्या

सुरू करण्याआधी. नंतर नव्हे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठवलेल्या लोहाचा अंदाज), बी १२, ड जीवनसत्त्व, साखर आणि लिपिड. आज काही कमी असेल तर ते शाकाहारामुळे कमी झालेलं नाही, हे कळण्यासाठी तरी हा कागद हाताशी हवा. आमच्याकडे रोज मासे खाणाऱ्या माणसाचं बी १२ काठावर निघालं आणि माझं ठीक. आधी तपासलं नसतं तर सहा महिन्यांनी सासरच्या सगळ्यांनी दोष वरणाला दिला असता.

दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर हा बदल डॉक्टरांशी बोलून करा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डाळी-कडधान्यंही मोजून खावी लागतात, तिथे माझा पुढचा हिशोब लागू नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी १२ कमी शोषलं जातं, हेही डॉक्टरांना आठवणीने विचारा.

३. ताटाचा हिशोब

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन ५८, म्हणजे साधारण ४८ ग्रॅम. नवऱ्याचं ७२, म्हणजे ६० ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात किंवा मटणात वीसेक ग्रॅम असतात. दुपारी दोन तुकड्या खाल्ल्या की तिसरा हिस्सा सहज भरायचा, मोजायची गरजच नव्हती. आता मोजावं लागतं. कायमचं नाही. पंधरा दिवस मोजलं की हात आपोआप तेवढंच घेतो.

घरगुती मापं अशी. तीस ग्रॅम कोरड्या डाळीचं वरण म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास. पण ते दाटसर हवं, ज्यात वाटीचा तळ दिसतो ते वरण नव्हे. चाळीस ग्रॅम कोरड्या कडधान्याची मोठी वाटीभर उसळ म्हणजे नऊ. पेलाभर दूध सहा, वाटीभर दही पाच. मूठभर शेंगदाणे सात. पन्नास ग्रॅम पनीर नऊ-दहा. पंचवीस ग्रॅम कोरडे सोयाबीनचे गोळे बारा-तेरा, यांना इतक्या कमी मापात कुणी गाठत नाही. तीन पोळ्यांत नऊ येतात, भाताच्या वाटीत चार.

आता आमचा एक साधा दिवस बघा. सकाळी पोहे आणि दूध, दहा ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, दाट वरण, उसळ, दही, मिळून एकोणतीस. संध्याकाळी शेंगदाणे, सात. रात्री भात आणि कडधान्याची आमटी, अकरा. बेरीज सत्तावन्न. माझं भागलं, वर उरलं. नवऱ्याला रात्री आमटीची आणखी एक वाटी. यात पनीर कुठेच नाही हे मुद्दाम सांगते, कारण नव्याने शाकाहारी झालेल्या घरात पनीर मटणाच्या खुर्चीत जाऊन बसतं. चवीला महिन्यातून चारदा ठीक. रोजचं करू नका, खिसा आणि पोट दोन्ही कुरकुरतात.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. वरण-भात, ज्वारीची भाकरी आणि मटकी, थालीपीठ आणि दही या जोड्या आपल्याकडे त्याच हिशोबाने बसल्या आहेत. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी चालतात.

४. भिजवण्याचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात. मासा आणला की अर्ध्या तासात कालवण होतं. कडधान्याला मात्र आदल्या दिवशीच आठवण ठेवावी लागते. आमच्या फ्रीजच्या दारावर एक चिठ्ठी आहे, तिच्यावर उद्या काय खायचं ते नसतं, आज रात्री काय भिजवायचं ते असतं. रविवार मटकी, सोमवार काळे वाटाणे, मंगळवार मूग, बुधवारी काही नाही (गुरुवारी आख्खा मसूर, तो सकाळी दोन तास भिजवला तरी शिजतो), गुरुवार चवळी, शुक्रवार वाल, शनिवार छोले नाहीतर राजमा.

मोड आणायची रीत सगळ्यांना माहीत असते आणि तरी निम्म्या वेळा फसते. मटकी किंवा मूग आठ-दहा तास भिजवा. पाणी पूर्ण निथळू द्या, चाळणीत पंधरा मिनिटं तरी. मग ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैलसर बांधा. गच्च बांधलं तर मोडाला वाढायला जागा राहत नाही. भांड्यात ठेवून वर झाकण, किंचित फट ठेवून. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. थंडीत दिवस लागतो, तेव्हा आम्ही गाठोडं तांदळाच्या डब्यात खुपसतो. मुंबईच्या जुलैमध्ये मात्र सावध. एकदा मी गाठोडं विसरले. दुसऱ्या दिवशी उघडलं तर बोटांना तार लागली आणि आंबूस वास आला. असं झालं की धुऊन वापरायचा मोह टाळा, सरळ टाका. मोड अर्धा इंच झाले की फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. नीट शिजवून.

वाल हे दोघांनी मिळून करायचं काम. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साल सैल होते. अंगठा आणि तर्जनीत दाणा धरून दाबला की तो सुळकन बाहेर उडतो, कधी ताटात, कधी सोफ्याखाली. पाव किलो सोलायला आम्हाला अर्धा तास लागतो, एखादी मालिका बघता बघता. सोललेल्या वालांना डाळिंब्या म्हणतात, आणि आमची अर्धी भांडणं त्या सोलतानाच मिटली आहेत.

आणि हो, गॅस. पहिले दोन-तीन आठवडे पोट गुरगुरणारच. एकदम रोज दोन वाट्यांवर जाऊ नका. आधी दिवसाआड, सोललेल्या मुगापासून सुरुवात करा आणि राजमा-छोले सगळ्यात शेवटी आणा. भिजवलेलं पाणी फेकून ताजं घ्या. हिंग, आलं, ओवा सढळ हाताने. आतड्यांना सवय झाली की कुरकुर थांबते.

५. माशाची जागा, मटणाची जागा

मालवणी जेवणाची आठवण येते तेव्हा खरं तर कशाची आठवण येते? मी बरेच दिवस यावर डोकं चालवलं. आठवण येते ती भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपाची, कोकमाची, तिरफळाची (कालवणात घालतात ते वासाचं, मसाल्याचं फळ) आणि तळलेल्या कुरकुरीत रव्याची. यातलं काहीही मांसाहारी नाही. मसाल्याचा डबा जसाच्या तसा ठेवा. शाकाहारी झालो म्हणून जिरं-मोहरीच्या फिक्या फोडणीवर आलात तर महिनाभरात मागे फिराल.

काळ्या वाटाण्याचं सांबारं हे आमच्याकडे सागुतीच्या, म्हणजे मटणाच्या रश्शाच्या, जागी आलं. वड्यांबरोबर शिवराक दिवशी ते पूर्वापार होतंच. वाटाणे बारा तास भिजवायचे. मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. हे वाटाणे हट्टी असतात, एक दाणा बोटांनी दाबून बघा, साल फुटून आतलं पीठ व्हायला हवं. वाटपासाठी दोन कांदे उभे चिरून थोड्या तेलात परतायचे, मंद आचेवर, कडा काळपट होईपर्यंत. घाई केली तर कांदा बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो, मग वाटप गोडसर लागतं. मग त्यात अर्ध्या नारळाचा चव घालून तो खरपूस बदामी होईस्तोवर हलवत राहायचा. इथे वीस मिनिटं लागतात आणि इथेच लोक दहा मिनिटांत गॅस बंद करतात. शेवटी सात-आठ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा. गार झालं की कमीत कमी पाण्यात गंधासारखं बारीक वाटायचं. तेलात कांदा, हळद, दोन चमचे मालवणी मसाला, शिजलेले वाटाणे त्यांच्या पाण्यासकट, मग वाटप. डावभर वाटाणे ठेचून घातले की रश्शाला अंग येतं. उकळी आली की आच कमी करून तेल वर दिसेपर्यंत थांबा. नवऱ्याने पहिल्यांदा हे वड्याबरोबर खाल्लं तेव्हा तो काही बोलला नाही, तिसरा वडा घेतला.

तळलेल्या तुकडीची जागा कापांनी भरते. सुरण, वांगं, कच्ची केळी, आणि पावसाळ्यात नीरफणस. नीरफणसाची कापं मला सुरमईपेक्षा आवडू लागली आहेत, हे सासरी अजून बोलले नाही. सुरणाला मात्र आधी कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ चोळा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच घसा खाजतो. मग हळद, तिखट, मीठ, तांदळाचं पीठ आणि रवा, आणि तव्यावर कडेने तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस.

तिरफळाबद्दल दोन शब्द. आपल्याकडे ते बांगड्याशीच बांधलेलं आहे, पण गोव्यात ते तुरीच्या डाळीत आणि भाज्यांतही पडतं. आतली काळी बी टाकून द्या, फक्त टरफल घ्या. वाटू नका, पाण्यात भिजवून जरासं ठेचून रश्शात सोडा. उडीद आणि मेथी घालून करतात त्या उडदमेथीच्या कालवणाचंही तेच. उडदमेथी बांगड्याची होते तशी अंबाड्यांचीही (आंबट रानफळांची) होते, आणि अंबाड्यांची खाताना काटे काढावे लागत नाहीत. ओल्या काजूचा मोसम आला की काजूची उसळ कोलंबीच्या जागी बसवा. बाजारातून सोललेले आणा, चीक हाताला लागला तर कातडी सोलवटते.

कोल्हापूरचं गणित थोडं वेगळं, तिथे रस्सा हाच देव. तांबड्याच्या जागी आख्खा मसूर किंवा मटकी, कांदा-लसूण मसाला तोच, तर्री तीच. पांढऱ्याला मटणाच्या अळणी पाण्याऐवजी हरभरे शिजवलेलं पाणी घेते. तीळ, खसखस, काजू, नारळाचं दूध नेहमीप्रमाणे. हुबेहूब होत नाही. भावाने चाखून ‘बरं हाय’ म्हटलं, आणि आमच्याकडे ‘बरं हाय’ म्हणजे सत्तर टक्के. नागपूरकडची पाटवडी आणि खानदेशातली शेवभाजी यांचीही ओळख करून घ्या. झणझणीत रस्सा हवा, पण त्यात मटण नको, हा प्रश्न त्यांनी केव्हाच सोडवून ठेवला आहे.

६. बी १२ आणि बाकीची मंडळी

बी १२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं, अंड्यातून थोडं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण दूध कमी पिणाऱ्यांची तीही भरत नाही. स्पिरुलिना आणि आंबवलेल्या पिठावर विसंबू नका. यातली फसवी गोष्ट अशी की यकृतात साठा असतो, तो दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त पुरतो. म्हणून पहिलं वर्ष छान जातं. मग हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा, आणि लोक म्हणतात वय झालं. मज्जातंतूंना झालेली इजा उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाही. म्हणून वर्षातून एकदा तपासणी आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी. आम्ही दोघंही घेतो. गोळी घ्यावी लागते म्हणजे आहार अपुरा, असं कुणी म्हणालं तर त्यांना आयोडीनयुक्त मिठाची आठवण करून द्या.

मिठाचाही एक मुद्दा आहे. समुद्री मासे आयोडीन देतात. ते बंद झाले आणि त्याच उत्साहात घरात सैंधव आलं, की दोन्ही दारं बंद. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा, सैंधव उपासापुरतं.

लोहाची गरज बायकांना रोज २९ मिलिग्रॅम, पुरुषांना १९. भाजीपाल्यातलं लोह मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. ‘क’ जीवनसत्त्व जोडीला आलं की शोषण वाढतं, चहा-कॉफीने घटतं. म्हणून उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. आमच्या घरात ही सगळ्यात कठीण पायरी ठरली, मासे सुटले पण जेवणावरचा चहा सुटायला चार महिने लागले. अळीव, बाजरी, मोड आलेली कडधान्यं, लोखंडी कढईत परतलेली पालेभाजी हे सगळं मदतीला. तरी पाळी जास्त जाणाऱ्या बाईने फेरिटिनवर नजर ठेवावी, नुसत्या पालकाने ते भरत नाही.

माशातल्या ओमेगा-३च्या जागी जवस. चटणी करा, पण जवस भाजून दळूनच, आख्खा दाणा पचनातून तसाच निघून जातो. अक्रोड परवडले तर. वनस्पतीतलं ओमेगा-३ शरीरात माशातल्यासारखं रूपांतरित होतं ते अगदी थोडं, हे मान्य करून चमचाभर रोज खावं. कॅल्शियमला नाचणी: शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. काटे चावून खाणाऱ्या माणसाला तारली-बोंबलांचं जे कॅल्शियम मिळायचं, ते नाचणीची भाकरी आणि दह्यातून येतं. ड जीवनसत्त्वाला ऊन, आणि रिपोर्ट सांगेल तसं.

७. फ्रीज, तवा, लेबल

माशाचा तवा वेगळा काढा. बिडाचा असेल तर मीठ आणि राख लावून घासा, कोरडा तापवा, पुन्हा तेल लावा. तरी पहिल्या दोन घावनांना वास येतो. फ्रीझर रिकामा करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. आमच्याकडे अगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सासूबाईंनी पाठवलेली सोड्यांची (सुकवलेल्या कोलंबीची) बरणी माळ्यावर होती. टाकायची हिंमत दोघांतही नव्हती. ती शेजारी गेली, आणि शेजाऱ्यांशी संबंध कमालीचे सुधारले.

पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण आधी तपकिरी ठिपक्याची होती, आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. रंग नीट ओळखता न येणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. अंडं असलेल्या पदार्थावरही तपकिरी खूण येते, दूध आणि मध मात्र हिरव्यात. परदेशातून आलेल्या गोष्टी नीट वाचा. वूस्टरशायर सॉसमध्ये मासा असतो, थाई करीच्या वाटणात बऱ्याचदा झिंगा, जेलीत जिलेटिन. पारंपरिक पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालून करतात. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून येतो. औषधांच्या कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, पण डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यासाठी थांबवू नका. गोळीच्या रूपात मिळतं का ते विचारा.

८. सासर, माहेर, मित्र

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, “मासो नाय तर जेवान कसला? पावण्यांका जेवक काय घालूचा?” माहेरी आईने विचारलं, “यात्रेला आलीस तर पिठलं घालू का ताटात?” दोघींच्या प्रश्नात राग नव्हता, भीती होती: आता हिला प्रेमाने काय खायला घालायचं? हे ओळखलं की उत्तर सोपं होतं. जाण्याआधी फोन करायचा आणि एक पदार्थ हक्काने मागायचा. ‘आई, कुळथाची पिठी आणि सोलकढी करा, मी वाट बघतेय.’ ‘मी काही खात नाही’ हे वाक्य घरातल्या बाईच्या जिव्हारी लागतं. तेच मागणी म्हणून सांगितलं तर ती हरखून जाते.

नैवेद्याचा प्रश्न खरा अवघड. काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य असतो, कुलदैवताला बकरं असतं. काही घराण्यांत बळीऐवजी कोहळा कापायची रीत आहे. आपल्या घरी ती आहे का हे थोरल्यांना विचारा, पण तिथे जाऊन सुधारणा सुरू करू नका. आम्ही वाढायला मदत करतो आणि आपल्या पानात डाळ घेतो.

मित्रांकडे मिरवू नका. मुंबईत मासे खातात म्हणून घर नाकारल्याचे अनुभव माझ्या सासरच्या माणसांनी घेतले आहेत. आपण ताट बदललं म्हणून त्या नाकारणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं कारण नाही. माझ्या टेबलाशेजारी कुणी बांगडा खाल्ला तर मला चालतं. वास आला की अजून तोंडाला पाणीही सुटतं, ते लपवत नाही.

आणि घसरण होते. तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावर बोंबील तळले जात होते आणि आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो. पुढच्या शनिवारी नवरा मित्राकडे सुरमई खाऊन आला आणि आल्या आल्या त्याने सांगितलं. मी तोंड फुगवलं, ती माझी चूक. त्याऐवजी तेव्हाच विचारायला हवं होतं की त्या दिवशी दुपारी काय खाल्लं होतं. उत्तर नंतर कळलं: वडापाव. उपाशी माणूस मोडतो. बाहेर जेवायला जायच्या आधी मूठभर दाणे-फुटाणे खाऊन निघायचं, हा नियम त्या शनिवारपासूनचा.

९. काहीच भिजवलेलं नसेल त्या रात्री

अशी रात्र आठवड्यातून एकदा येतेच. दोघं आठ वाजता दमून घरी येतात, चिठ्ठीकडे कुणी बघितलेलं नसतं, आणि हात फोनवर बाहेरचं मागवायला जातो. त्यासाठी तीन गोष्टी घरात कायम ठेवा: कुळथाचं पीठ, सोयाबीनचे गोळे, भाजलेले शेंगदाणे.

पिठी दहा मिनिटांत होते. तीन-चार चमचे पीठ दोन वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. तेलात भरपूर ठेचलेला लसूण लाल करा, मग कांदा, हिरवी मिरची किंवा मालवणी मसाला. कालवलेलं पीठ ओता आणि ढवळणं थांबवू नका, तळाला धरतं. दोन-तीन कोकमं, मीठ, वरून ओलं खोबरं असेल तर. भाताच्या कुकरची वाफ जिरेपर्यंत पिठी तयार. पूर्वी तिच्याबरोबर भाजलेली सुकट असायची. आता आम्ही सांडगी मिरची तळतो आणि पापड गॅसवर भाजतो, आणि नवरा भातात पिठी कालवताना अजूनही एकदा ताटाच्या उजव्या कोपऱ्याकडे बघतो, जिथे सुकट असायची. मिरचीचा तुकडा मोडतो आणि जेवायला लागतो.